युद्धावरून परतलेले आजोबा

रणांगणावर मरण पावलेल्या सैनिकाची नोंद ठेवण्याची व्यवस्था आधुनिक राष्ट्रांनी मोठ्या काळजीने उभी केली आहे; सैन्यातून सुखरूप परतून, शेती करीत आणि नातवंडे खेळवीत म्हातारा झालेल्या सैनिकाच्या आयुष्याची नोंद मात्र जवळजवळ सर्वस्वी त्याच्या घरावर सोपवलेली आहे. नवी दिल्लीतील इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धात आणि त्या काळच्या सरहद्दीवरील मोहिमांत कामी आलेल्यांपैकी १३,००० हून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत, तर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटवर वाचायला मिळतात. १९१७ साली स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने तर ज्याचा देहही हाती लागला नाही अशा शिपायाचे नावसुद्धा कुठल्या ना कुठल्या दगडावर असलेच पाहिजे, हे तत्त्व स्वीकारले. परत आलेल्यांसाठी अशी भिंत नाही, आणि त्यांची संख्या व त्यांचे पुढचे दीर्घ आयुष्य पाहता ती असू शकणारही नाही.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ आणि त्याच्या आसपासची गावे ही धानाची गावे आहेत. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या, मालगुजारीच्या काळात बांधलेले मामा तलाव आणि पलीकडे वैनगंगेचे खोरे, असा हा मुलूख आहे. पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, हे येथील वर्षाचे टप्पे आहेत. सैनिकी परंपरेचा विचार करताना मराठी वाचकाच्या मनात सहसा सातारा, कोल्हापूर किंवा कोकण येते. पूर्व विदर्भ येत नाही. तरीही अशा गावांत ‘मिलिटरीवाले आजोबा’ ही ओळख सर्वांना कळते, आणि त्या ओळखीच्या मागे असलेले पंधरा-वीस वर्षांचे सैनिकी जीवन बहुतेक वेळा त्या दोन शब्दांपलीकडे कोणाला ठाऊक नसते. नातवंडांना आजोबांचा दरारा, त्यांची पहाटे उठण्याची सवय आणि काळ्या पत्र्याची पेटी आठवते. पलटण कोणती, ती कोठे होती आणि तिथे त्यांचे काम काय होते, हे सांगता येत नाही. प्रिय व्यक्तीची आठवण आणि त्या व्यक्तीचा इतिहास यांत पडणारे हे अंतर कसे निर्माण होते आणि ते कसे भरून काढता येते, हा या लेखाचा विषय आहे.

पूर्व विदर्भातून पलटणीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रभावाखाली, ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धांत सैन्यभरतीचा पाया बनला. काही जाती व प्रदेश जन्मतःच लढाऊ असतात आणि इतर तसे नसतात, असे मानणाऱ्या या सिद्धांताने भरतीचा ओघ पंजाब, नेपाळ आणि वायव्य सरहद्द यांच्याकडे वळवला. महाराष्ट्रात मराठ्यांच्या पलटणी टिकल्या, पण त्यांची भरती मुख्यतः पश्चिम घाटाच्या दोन्ही अंगांच्या जिल्ह्यांतून होत असे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव या परंपरेमुळेच ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जणांची स्मृती गावात जपलेली आहे. तेव्हा मध्य प्रांतात असलेल्या भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला अशी परंपरा आली नाही, आणि नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी १८२१ साली वसवलेली कामठीची छावणी शेजारी असूनही आसपासच्या खेड्यांतील तरुणांना पलटणीची दारे फारशी उघडी नव्हती.

ही स्थिती दुसऱ्या महायुद्धाने बदलली. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांपर्यंत वाढले, आणि एवढी माणसे उभी करण्यासाठी जुने जातीय निकष शिथिल करणे भाग पडले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी दुसरी पलटण कामठी येथे उभारण्यात आली. रेजिमेंट म्हणजे एकाच परंपरेच्या, नावाच्या आणि चिन्हाच्या छत्राखाली असलेल्या अनेक पलटणींचा समूह; पलटण म्हणजे प्रत्यक्ष एकत्र राहणारी व लढणारी आठशे-हजार माणसांची तुकडी. घरच्या माणसांना रेजिमेंटचे नाव आठवते आणि पलटणीचा क्रमांक आठवत नाही, असे वारंवार घडते. परंतु इतिहास पलटणीच्या क्रमांकाने लिहिलेला असतो, कारण एकाच रेजिमेंटची एक पलटण ब्रह्मदेशात असताना दुसरी वायव्य सरहद्दीवर असू शकते, आणि महार रेजिमेंटच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धात नेमके तसेच घडले. फाळणीच्या वेळी याच रेजिमेंटच्या पलटणी पंजाब सीमा दलात होत्या आणि निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या काळी सेवेत असलेल्या शिपायाच्या वाट्याला समोरासमोरच्या लढाईपेक्षा माणसांच्या विस्थापनाचेच दर्शन अधिक आले असणार.

भरतीची दुसरी मोठी लाट १९६२ च्या चीन युद्धानंतर आली. त्या पराभवानंतर सैन्याचे मंजूर संख्याबळ ८ लाख २५ हजारांपर्यंत वाढवण्यात आले, आणि आज आजोबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिढीतील पुष्कळ जण या लाटेतले आहेत. १९४९ साली उभारलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटने सर्व प्रांतांच्या व सर्व जातींच्या तरुणांना एकाच पलटणीत आणण्याचा प्रघात पाडला होता, आणि तिचे प्रशिक्षण केंद्र आज कामठीलाच आहे. याखेरीज रसद व वाहतूक सांभाळणारे आर्मी सर्व्हिस कोअर, रस्ते व पूल बांधणारे अभियंता दल, संदेशवहन करणारे सिग्नल्स, वैद्यकीय दल, शस्त्रे व वाहने दुरुस्त करणारे दल अशा शाखांमध्ये देशभरातून भरती होत असे. त्यामुळे एकाच गावातले दोन फौजी दोन पूर्णपणे वेगळी सैनिकी आयुष्ये जगलेले असू शकतात: एकाने बर्फाळ चौकीवर पहारा केलेला असतो, तर दुसऱ्याने त्या चौकीपर्यंत रॉकेलचे पिंप आणि पिठाची पोती पोहोचवलेली असतात.

आजोबांची सेवा हा नातवांचा पुरावा

सैनिक आजोबांची आठवण महाराष्ट्रात घरगुती जिव्हाळ्यापुरती मर्यादित राहिलेली नाही. एका मोठ्या समाजाने, म्हणजे महार समाजाने, तिचा उपयोग हक्काच्या पुराव्यासारखा केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते, आणि वडील रामजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत पोहोचून सैनिकी शाळेत मुख्याध्यापक झाले. त्या काळच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व ब्रिटिश सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहिण्यावाचण्याचे शिक्षण मिळत असल्यामुळे, ज्या जातींना गावच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती त्यांच्यातील निवृत्त सैनिक साक्षर होऊन गावी परतत होते. पेन्शन, वाचता येणारी अक्षरे आणि अर्ज कोणाकडे कसा करायचा याचे ज्ञान या तीन गोष्टींमुळे असा माणूस समाजाचा बोलका प्रतिनिधी बनू शकला. १८८६ साली सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि सरकारने महारांची सैन्यभरती थांबवल्यावर त्या निर्णयाविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे, म्हणजे हिंदुस्थानच्या कारभारासाठी लंडनमध्ये असलेल्या ब्रिटिश मंत्र्याकडे, पाठवलेल्या निवेदनातही पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा आधार घेतलेला होता.

या अर्जांमागचा युक्तिवाद साधा पण भक्कम होता: वाडवडिलांनी ज्या सरकारसाठी रक्त सांडले ते सरकार त्यांच्या वंशजांना सैन्यसेवेला अपात्र कसे ठरवू शकते? कंपनीच्या बाजूने महार शिपाई जिच्यात लढले त्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा विजयस्तंभ १९४१ नंतर महार रेजिमेंटच्या पहिल्या बोधचिन्हात घेतला गेला, तोही याच स्मृतिपरंपरेचा भाग होता. पुढे त्या जागी खंजीर आला. भंडारा जिल्ह्याला या इतिहासाचा आणखी एक धागा जोडलेला आहे, कारण १९५४ साली डॉ. आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडारा मतदारसंघातून, आणि तीत त्यांचा पराभव झाला. सैनिकाचा नातू असलेल्या या उमेदवाराच्या घराण्यात दोन पिढ्यांच्या पलटणी जीवनाने शिक्षणाची जी वाट उघडली होती तिचे महत्त्व लक्षात घेतले, तर परत आलेल्या सैनिकाचे खरे कार्य पुष्कळदा त्याच्या निवृत्तीनंतर आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांत घडते, हे स्पष्ट होते.

एक दिवस आणि एक आयुष्य

सैनिकाच्या आयुष्यातील कोणता भाग स्मरणात राहतो हे समजण्यासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन शिपायांची उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत, कारण दोघेही मराठी होते, दोघेही १९२१ साली जन्मले होते, दोघेही इटलीच्या आघाडीवर लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सहकारी पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, ती जागा जिंकली आणि तेथेच ते मारले गेले. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे, माणगावात त्यांच्या स्मृतीचा सोहळा दरवर्षी होतो, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभे राहिले.

अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून, पाण्यातून आणि भूसुरुंगांतून सुरक्षित जागी नेले, स्वतः हाताला जखम झालेली असताना शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या नष्ट केल्या, आणि ते जिवंत राहिले. युद्ध संपल्यावर ते परतले, सेवा पूर्ण करून निवृत्त झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. पदकाबरोबर प्रसिद्ध होणाऱ्या शौर्यवर्णनात, ज्याला सैन्यात ‘सायटेशन’ म्हणतात, ९ एप्रिलच्या काही तासांचा तपशील बारकाईने दिलेला आहे. त्यानंतरची ३९ वर्षे त्यात नाहीत, आणि असूही शकत नाहीत, कारण शौर्यवर्णनाचा विषय कृती हा असतो, माणूस हा नव्हे. इतके मोठे पदक मिळालेल्या सैनिकाच्याही बाबतीत अधिकृत स्मृती एका दिवसाची असते. मग शौर्यपदकाचा प्रसंगच ज्यांच्या वाट्याला आला नाही अशा हजारो शिपायांच्या आयुष्याबद्दल सरकारी दप्तरात काय मिळेल, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा अधिक आशादायक आहे.

पेटीतील कागद काय सांगतात

निवृत्त होताना सैनिकाला जे पुस्तक मिळते त्याला घरोघरी ‘डिस्चार्ज बुक’ म्हटले जाते. त्यात सैनिकी क्रमांक, भरतीची तारीख, सेवेचे टप्पे, शिक्षणाच्या परीक्षा, मिळालेली पदके, अंगावरील ओळखीच्या खुणा, वारसाचे नाव आणि चारित्र्याचा शेरा असतो. गाव, डाकघर, ठाणे, तहसील व जिल्हा असा पत्ताही असतो. यातील सैनिकी क्रमांक सर्वांत मोलाचा, कारण विविध रेजिमेंटांना व दलांना क्रमांकांचे वेगवेगळे गट नेमून दिलेले असल्याने त्यावरून माणूस कोणत्या दलाचा होता हे कळते, आणि त्याच क्रमांकाने अभिलेख कार्यालयात, म्हणजे त्या दलाच्या सैनिकांची सेवापत्रके सांभाळणाऱ्या कचेरीत, विचारणा करता येते. महार रेजिमेंटसाठी असे कार्यालय मध्य प्रदेशातील सागर येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगावला आणि गार्ड्ससाठी कामठीला आहे. ‘जेसी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर तो माणूस नायब सुभेदार किंवा त्यावरच्या पदाला पोहोचला होता, असे समजावे. सैन्यातील पदांची चढण शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर अशी असते; १९६५ पूर्वीच्या कागदांत नायब सुभेदाराऐवजी ‘जमादार’ हे पद दिसते, त्यामुळे दोन कागदांत दोन पदे दिसली म्हणून गोंधळण्याचे कारण नाही.

पदके हे दुसरे साधन आहे, आणि ती वाचायची असतात हे अनेक घरांना माहीत नसते. भारतीय सैनिकाच्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, पद आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील जे तारे इंग्रज सैनिकांना नावाविना दिले गेले तेही हिंदी सैनिकांना नाव कोरून मिळाले. कोणते पदक आहे यावरून सैनिक कोठे होता हे ठरते. बर्मा स्टार म्हणजे ब्रह्मदेशाची आघाडी आणि आफ्रिका स्टार म्हणजे उत्तर किंवा पूर्व आफ्रिकेची. १९६५ च्या युद्धात प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला, तर रक्षा मेडल त्या काळी सेवेत असलेल्या फार मोठ्या वर्गाला देण्यात आले. १९७१ साठी पूर्व आघाडीवरच्या सैनिकांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार आणि दोन्हींच्या जोडीला व्यापक प्रमाणात संग्राम मेडल अशी विभागणी होती. आजोबा ‘बांगलादेशच्या लढाईत होते’ असे घरात सांगितले जात असेल आणि पेटीत पश्चिमी स्टार असेल, तर त्यांनी ते युद्ध राजस्थान, पंजाब किंवा काश्मीरच्या बाजूला काढले, हे कळते. यात आजोबांची कथा खोटी ठरत नाही, ती नेमकी होते.

छायाचित्रांचेही असेच आहे. टोपीवरचा बिल्ला रेजिमेंट सांगतो, बाहीवरच्या पट्ट्या पद सांगतात (एक लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या), आणि मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर तो गाव सांगतो. या सर्वांहून कमी ओळखले जाणारे साधन म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाचे आदेश, ज्यांच्याद्वारे सैनिकाचे लग्न, मुलांचे जन्म आणि पत्नीचे नाव यांची सैन्याच्या दप्तरात नोंद होते. खेड्यात जन्मदाखला काढण्याची पद्धत रुळण्यापूर्वी कित्येक घरांतील मुलांची जन्मतारीख पलटणीच्या कारकुनाने टंकलेल्या कागदावरच पहिल्यांदा लिहिली गेली. त्यातील नावांतला एखाद्या अक्षराचा फरक पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी आजीला कचेऱ्यांच्या फेऱ्या मारायला लावतो, म्हणून हा कागद भावनिक दृष्ट्याच नव्हे तर व्यवहारातही जपण्यासारखा आहे. अशा कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची ही जिल्हास्तरीय शाखा भंडाऱ्यालाही आहे. मात्र सरकारी दप्तर कायमचे नसते. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या सैनिकांची सेवापत्रके साधारणपणे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम असल्यामुळे, महायुद्ध संपताच पेन्शनशिवाय घरी पाठवल्या गेलेल्या पिढीच्या बाबतीत घरातील पेटी हेच बहुधा एकमेव दप्तर उरते.

गैरहजेरीची वर्षे आणि परतीची वर्षे

कागदांनी सांगाडा मिळतो. माणूस मिळत नाही. २०२२ पूर्वीच्या नियमित भरतीतील शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते, आणि त्या नियमांनुसार वर्षाला ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते. ही सर्व रजा दरवर्षी पूर्ण मिळाली असे गृहीत धरले तरी पंधरा वर्षांत सैनिक घरी असतो तो पावणेचार वर्षांहून कमी काळ; उरलेली अकरा-सव्वाअकरा वर्षे शेत, म्हातारे सासूसासरे, मुलांची शाळा आणि सावकाराचा किंवा सोसायटीचा हिशेब पत्नीने सांभाळलेला असतो. म्हणून सैनिक आजोबांचे चरित्र आजीला विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही. मनीऑर्डर कोणत्या तारखेला येई, पत्र कोण वाचून दाखवी, युद्धाच्या बातम्या रेडिओवर कोणाच्या घरी ऐकायला मिळत, रोवणीला माणसे कमी पडली तेव्हा कोण आले, हे सारे त्या सैनिकी सेवेचेच घरातले अंग आहे, आणि त्यासाठी कोणतेही पदक काढलेले नाही.

निवृत्तीही सैनिकाला फार लवकर येते. अशा नियमित भरतीतून अठराव्या वर्षी सैन्यात गेलेला शिपाई पस्तिशीच्या आसपास ‘पेन्शन येऊन’ गावी परततो, म्हणजे त्याचे सैनिकी जीवन संपते तेव्हा त्याच्यापुढे आणखी तीन-चार दशके असतात. काही जण सैनिकी प्रतिष्ठानांच्या पहाऱ्यासाठी माजी सैनिकांना पुन्हा सेवेत घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये जातात, काही बँकेत किंवा कारखान्यात पहारेकरी होतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिल्यापासून संरक्षण क्षेत्रातील नोकरी हा या जिल्ह्यात कानावर पडणारा विषय झाला आहे. बाकीचे धानाच्या बांधीत उतरतात. पेन्शनची ठरावीक रक्कम हा पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला मोठा आधार असतो, आणि कित्येक घरांतील पहिली पदवी त्या रकमेतून निघालेली असते. २००३ साली सुरू झालेली माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना आणि १ जुलै २०१४ पासून लागू केलेली ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ ही पद्धत, जिच्यामुळे समान पदावर समान सेवा केलेल्या जुन्या व नव्या निवृत्तांना समान निवृत्तिवेतन मिळावे असे तत्त्व स्वीकारले गेले, यांचा परिणाम अशा घरांच्या अर्थकारणावर थेट झाला आहे.

या काळातील सैनिकाचा स्वभाव नातवंडांना दोन टोकांनी आठवतो: कडक शिस्त आणि दीर्घ मौन. शिस्तीचे कौतुक सहज होते, मौनाचे कारण सहसा विचारले जात नाही. सोबती डोळ्यांदेखत गेलेला असणे, निर्वासितांचे हाल पाहिलेले असणे, पराभवातून मागे फिरावे लागलेले असणे किंवा आपल्याच देशातील लोकांविरुद्ध बंदोबस्ताला उभे राहावे लागलेले असणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. युद्धाच्या गोष्टी मुलांना सांगताना आजोबा गमतीचे प्रसंग निवडतात, लंगरातील जेवण, हिंदी बोलताना उडालेली त्रेधा, थंडीत गोठलेले पाणी एवढेच सांगतात, तेव्हा ते उरलेले विसरलेले नसतात. स्मरणाचा आदर राखणे म्हणजे हे मौन वीरकथेने भरून टाकणे नव्हे. लढाई न पाहिलेल्या वाहनचालकाला नातवंडांनी सीमेवरचा वीर करून टाकले, तर त्याने घाटातल्या रस्त्यांवर काढलेली खरी वर्षे पुसली जातात.

गावाची वही

१४ जानेवारी हा दिवस देशात सशस्त्र दल माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो, कारण १९५३ साली त्या दिवशी भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा निवृत्त झाले. सत्काराची शाल व श्रीफळ यांच्यापलीकडे या दिवसाचा उपयोग करायचा तर तो विचारण्यासाठी करता येईल. १९७१ च्या युद्धात विशीत असलेले सैनिक आज सत्तरी ओलांडून गेलेले आहेत. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेतील शिपाई, ज्या मोहिमेत महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, तेही आता आजोबांच्या वयात आले आहेत. विचारणा ठोस प्रश्नांनी करावी: भरती कोठे झाली, प्रशिक्षण कोणत्या केंद्रात, पहिली बदली कोठे, अधिकारी कोण, जवळचा सोबती कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यात रजा मिळाली. ‘युद्ध कसे होते’ या प्रश्नाला माणूस ठरलेले उत्तर देतो. ‘त्या रात्री जेवायला काय होते’ या प्रश्नाला तो आठवून उत्तर देतो. सांगितलेले ध्वनिमुद्रित करून ठेवावे, पदकांशी व डिस्चार्ज बुकाशी पडताळून पाहावे, आणि जुळत नसेल तेथे दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात, कारण आठवणीतील चूकही त्या माणसाला काय महत्त्वाचे वाटले हे सांगते.

अशा नोंदींचे मोल एका घरापुरते राहत नाही. पहिल्या महायुद्धात पंजाबच्या गावोगावच्या भरतीची नोंद असलेली आणि लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेली दप्तरे संगणकावर आणून २०२१ मध्ये खुली करण्यास सुरुवात झाली, तेव्हा सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती त्यांत असल्याचे समोर आले, आणि जगभर पसरलेल्या पंजाबी घरांना पणजोबांचे गाव व पलटण शोधता येऊ लागली. ती दप्तरे कोणा इतिहासकाराने लिहिलेली नव्हती. गावनिहाय यादी करण्याचे कंटाळवाणे काम कोणीतरी वेळेवर केले होते, एवढेच. अड्याळसारख्या गावात ग्रामपंचायत, शाळा किंवा वाचनालय यांपैकी कोणीही सैन्यात जाऊन परतलेल्यांची अशी वही ठेवू शकते, जीत माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या संमतीने नाव, क्रमांक, दल, सेवेची वर्षे, कोठे कोठे राहिले आणि परतल्यावर काय केले एवढ्या सहा गोष्टी असतील.

भारतीय युद्धांविषयी आज जी पुस्तके मिळतात त्यांतील बहुसंख्य सेनापतींनी व अधिकाऱ्यांनी लिहिलेली आणि इंग्रजीत आहेत, तर युद्धात गेलेली बहुसंख्य माणसे शिपाई ते हवालदार या पदांवरची आणि खेड्यांतली होती. ज्या भाषेत ती घरी बोलली त्या भाषेत, वऱ्हाडी किंवा झाडीबोलीच्या वळणांसह, त्यांचा अनुभव लिहिला गेला तर युद्धाच्या इतिहासात रसद ओढणाऱ्याची, पहारा देणाऱ्याची, रजेची वाट पाहणाऱ्याची आणि परतून धान पेरणाऱ्याची बाजू येईल. हे लेखन करण्याइतका जवळचा आणि शिकलेला माणूस प्रत्येक फौजी आजोबांच्या घरात आता आहे, आणि तो बहुधा त्यांच्याच पेन्शनवर शिकलेला नातू किंवा नात आहे.